नोकरीचा शोध मध्येच का थंडावतो?

प्रश्न असा आला आहे: "मुलाचं बी.कॉम. होऊन दीड वर्ष झालं. मध्ये सात महिने एका छोट्या ऑफिसात अकाउंट्सचं काम केलं, मग ते ऑफिसच बंद झालं. सुरुवातीला रोज अर्ज करायचा, आता आठवडा-आठवडा पोर्टल उघडत नाही. विचारलं की चिडतो. नोकरीचा शोध, शिक्षण आणि मानसशास्त्र यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या एका श्रम-अर्थशास्त्रज्ञाबद्दल ऐकलं. त्यातून आमच्यासारख्या घरांच्या हाती काही लागतं का?"

हो, बरंच लागतं. प्रशिक्षण संपवलेल्या मुलामुलींच्या प्लेसमेंटचं काम मी अनेक वर्षं करतो आहे आणि या विषयातलं संशोधन गरज म्हणून वाचत आलो आहे. तुम्ही ज्यांच्याबद्दल ऐकलंत ते बहुधा मार्टिन एबेल असावेत. ते अमेरिकेत अर्थशास्त्र शिकवतात, पण नोकरीच्या शोधावरचं त्यांचं महत्त्वाचं काम दक्षिण आफ्रिकेतलं आहे. रुलोफ बर्गर, पात्रिझिओ पिरायनो आणि एलियाना करांझा हे त्या कामातले त्यांचे सहकारी. त्यांच्या कामाकडे येतोच. त्याआधी तुमच्या मुलाबद्दल थोडं बोलायला हवं.

शोध थंडावणं हे काम नको असण्याचं लक्षण नाही. अॅलन क्रूगर आणि अँड्रियास म्युलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2009 च्या मंदीत न्यू जर्सी राज्यातल्या बेकारभत्ता घेणाऱ्या सहा हजारांहून अधिक लोकांना दर आठवड्याला, जास्तीत जास्त 24 आठवड्यांपर्यंत, प्रश्न विचारले. किती वेळ शोधलंत, काय वाटतंय, कोणतं काम नाकारलंत. एकाच माणसाकडे आठवड्यामागून आठवडा पाहिलं तर त्याचा शोधाचा वेळ कमी कमी होत जातो, असं त्यात दिसलं. त्याच लोकांनी असंही सांगितलं की दिवसातला सर्वांत उदास वेळ हा नोकरी शोधण्याचा असतो, आणि बेकारी लांबते तशी ही उदासी वाढते. म्हणजे पोर्टल उघडणं हीच दुखरी जागा होऊन बसते आणि माणूस ती टाळायला लागतो. तुमचा मुलगा प्रश्न विचारल्यावर चिडतो ते याच जागेवर बोट पडतं म्हणून.

हे आजचंही नाही. 1930 च्या सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या समाजशास्त्रज्ञांनी त्या गावाचा अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ केली होती, तरी पुस्तकं नेणं घटलं. पुरुषांची रस्त्यावरून चालण्याची गती मंदावली. काम गेलं की पैसा जातो हे सगळ्यांना कळतं. दिवसाचा सांगाडा जातो, हे त्या अभ्यासाने दाखवलं. मी ज्या घरांत जातो तिथे आई-वडिलांना हे सांगितलं की ते क्षणभर गप्प होतात, कारण सकाळी साडेदहापर्यंत झोपणारा मुलगा त्यांना आठवतो.

अर्थशास्त्राला हे समजायला वेळ लागला. 1960 च्या दशकात जॉर्ज स्टिग्लर यांच्यापासून शोधाचा जो सिद्धांत उभा राहिला, त्यात नोकरी शोधणारा माणूस हिशेबी होता: अमुक पगाराच्या खाली जाणार नाही अशी मनाशी रेघ मारायची आणि तिच्या वरचं काम आलं की घ्यायचं. शोध लांबला तर रेघ फार वर आहे, असा निष्कर्ष. आपल्याकडे घराघरात याच सिद्धांताची मराठी आवृत्ती चालते: "याला मिळतंय ते नकोय, साहेबाची खुर्ची हवी." 2005 मध्ये स्तेफानो देलाव्हिन्या आणि डॅनिएले पासरमन यांनी हा समज एका सुरेख युक्तीने तपासला. उतावळा माणूस, म्हणजे आजच्या सुखाला उद्यापेक्षा फार जास्त किंमत देणारा, जुन्या सिद्धांताप्रमाणे मिळेल ती नोकरी पटकन धरायला हवा. पण शोधाचा त्रास आज होतो आणि फळ नंतर मिळतं. त्यामुळे आजचा त्रास उद्यावर ढकलणारा माणूस शोधच कमी करेल, असंही होऊ शकतं. अमेरिकेतल्या दीर्घकालीन सर्वेक्षणांत सिगारेट ओढणं, बँकेत खातं नसणं अशा खुणांवरून त्यांनी लोकांचा उतावळेपणा मोजला. दुसरी शक्यता खरी ठरली. उतावळे लोक शोध कमी करत होते आणि बेकार जास्त काळ राहत होते. पगाराच्या अपेक्षेत मात्र तसा फरक सापडला नाही. थोडक्यात, गाठ अपेक्षेपेक्षा "उद्या बघू" मध्ये जास्त पक्की बसते.

आता एबेल यांचा प्रयोग. दक्षिण आफ्रिकेत 15 ते 24 वयातल्या, कामाच्या शोधात असलेल्या तरुणांपैकी निम्म्याहून जास्त बेकार असतात. अशा ठिकाणी बेकार तरुणांसाठी समुपदेशनाची कार्यशाळा घेतली गेली. बायोडाटा कसा लिहावा, नोकऱ्या कुठे शोधाव्यात, मुलाखतीत काय बोलावं, म्हणजे आपल्याकडच्या मार्गदर्शन शिबिरात असतं तसंच. त्यातल्या काहींना, चिठ्ठ्या टाकून निवडावं तसं निवडून, एक जादा गोष्ट करायला लावली: पुढच्या आठवड्यांत नोकरी कशी शोधणार याचा तपशीलवार आराखडा स्वतःच्या हाताने लिहायचा. कोणत्या वेळी, कुठे, किती अर्ज. पैसे नाहीत, ओळख नाही, नवं कौशल्य नाही. फक्त हा आराखडा.

हे का करून पाहावंसं वाटलं? कारण सुरुवातीच्या पाहणीतच एक दरी दिसत होती. हे तरुण जितकं शोधायचं ठरवत होते आणि प्रत्यक्षात जितकं शोधत होते, त्यात बरंच अंतर होतं. इच्छा होती, ती कृतीपर्यंत पोचत नव्हती. मानसशास्त्रात पीटर गोल्विट्झर यांनी आधीच दाखवून दिलं होतं की "मी व्यायाम करीन" असं ठरवणारा आणि "संध्याकाळी सहाला घरी आलो की बूट घालून मैदानावर जाईन" असं ठरवणारा, यांत दुसरा जास्त वेळा मैदानावर पोचतो. वेळ आणि जागा आधी ठरली की त्या क्षणी पुन्हा मनाशी भांडावं लागत नाही.

निकाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. आराखडा लिहिणाऱ्यांनी 15 टक्के जास्त अर्ज केले. त्यांना नोकरीचे देकार 30 टक्के जास्त आले आणि नोकरीत असण्याचं प्रमाण 26 टक्क्यांनी वाढलं. हे आकडे सापेक्ष आहेत हे ध्यानात घ्या. शंभरात दहा जणांना नोकरी लागत असेल तर 26 टक्के वाढ म्हणजे साडेबारा. चमत्कार नाही, पण एका कागदाच्या मानाने फार मोठी गोष्ट आहे.

मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो दुसरा भाग. शोधाला लागणारा एकूण वेळ वाढला नाही. तेवढ्याच तासांत जास्त अर्ज गेले आणि शोधाच्या वाटा बदलल्या. आधी ओळखीपाळखीवर आणि दारोदार फिरण्यावर भर होता, आता जाहिराती, थेट अर्ज, संस्थांमार्फत अर्ज अशा औपचारिक वाटाही आल्या. म्हणजे आराखड्याने मुलं जास्त राबली नाहीत, त्यांनी शोध वेगळ्या तऱ्हेने केला. आपल्याकडे चित्र पुष्कळदा उलटं असतं. शिकलेला मुलगा घरात बसून एकाच पोर्टलवर शंभर ठिकाणी बटण दाबतो आणि गावातल्या सीए ऑफिसाची पायरी चढत नाही. आराखड्याचा फायदा त्यालाही तितकाच, फक्त वाटा बदलण्याची दिशा दुसरी.

तर घरी हे असं करा. रविवारी मुलाने एक कागद घ्यावा, त्यावर येत्या आठवड्याचे वार लिहावेत आणि प्रत्येक वारासमोर काय, किती वाजता, कुठून हे लिहावं. मंगळवारी सकाळी दहा ते बारा, शहरातल्या तीन सीए फर्मना बायोडाटा प्रत्यक्ष नेऊन देणं. बुधवारी अकरा वाजता, एमआयडीसीतल्या दोन ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या ऑफिसात अकाउंटंट लागतो का ते विचारणं. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, जुन्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन. शुक्रवारी दोन तास पोर्टल, पण पाचच अर्ज, आणि प्रत्येकात त्या जाहिरातीतल्या कामाचा उल्लेख. एवढं पुरे. आठवडाभराचे आठ तास घड्याळात कोरलेले असतील तर "दिवसभर शोधतोय" या पोकळ चाळीस तासांपेक्षा ते जास्त देतात. अट एकच: कागद मुलाने लिहायचा. तुम्ही लिहून भिंतीवर लावलात तर तो तुमचा आराखडा झाला.

याच प्रयोगात काही तरुणांना दर आठवड्याला आठवणीचे संदेश पाठवले गेले आणि काहींना सोबत्याचा आधार जोडून दिला. या दोन्हींनी आराखड्याच्या परिणामात काही भर पडली नाही. मोबाइलवरचा संदेश आणि आईचा प्रश्न एक नव्हेत हे मला मान्य आहे, पण माझा अनुभव त्याच बाजूने बोलतो. रोज संध्याकाळी "आज किती अर्ज केलेस?" विचारणं थांबवा. आठवड्यातून एकदा, कागद समोर ठेवून, "कुठे अडलं?" विचारा. ब्रिटनमध्ये एसेक्स परगण्यातल्या लॉटन इथल्या सरकारी रोजगार केंद्रात 2012 च्या सुमारास असाच बदल केला होता. आधी अधिकारी मागच्या दोन आठवड्यांत काय केलं याचा हिशेब मागायचे, नंतर पुढच्या दोन आठवड्यांत काय करणार हे उमेदवाराकडून लिहून घेऊ लागले. मागचा हिशेब मागितला की माणूस बचावाला उभा राहतो. पुढचं विचारलं की तो विचार करू लागतो.

आता दुसरा प्रयोग, जो मला तुमच्या मुलासाठी पहिल्याइतकाच कामाचा वाटतो. एबेल, बर्गर आणि पिरायनो यांचा तो अभ्यास 2020 मध्ये आला. दक्षिण आफ्रिकेत कमी पगाराच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करणाऱ्या बहुतेकांकडे पूर्वी कुठेतरी काम केल्याचा अनुभव असतो, पण तो अनुभव नव्या मालकाला दिसत नाही. बायोडाटावर "सहा महिने अमुक दुकानात" एवढंच. काम कसं केलं, वेळेवर यायचा का, गल्ल्यावर विश्वासाने बसवता येईल का, काही कळत नाही. या संशोधकांनी माजी मालकाकडून भरून घ्यायच्या पत्राचा नमुना तयार केला आणि खऱ्या जाहिरातींना काही अर्ज पत्र जोडून, काही पत्राशिवाय पाठवले. पत्र जोडलेल्या अर्जांना मालकांकडून उलट बोलावणं येण्याचं प्रमाण 60 टक्क्यांनी वाढलं. आणि हा परिणाम मुख्यतः स्त्री-उमेदवारांच्या बाबतीत होता. पुढे ज्या उमेदवारांना असं पत्र मिळवून वापरायला प्रोत्साहन दिलं, त्यांच्यातही स्त्रियांना मुलाखती आणि नोकऱ्या जास्त मिळाल्या.

मी या निकालावर रेंगाळणार आहे. आपल्याकडे अनुभव प्रमाणपत्र म्हणून जे मिळतं ते दोन ओळींचं असतं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली होती. ते वाचून कोणालाही काही कळत नाही. आणि पुष्कळ मुलींना तेही मिळत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन वर्षं रिसेप्शन सांभाळलेली, कापडाच्या दुकानात स्टॉक लिहिणारी, क्लासमध्ये पहिली ते चौथीची मुलं शिकवणारी मुलगी लग्न ठरलं की काम सोडते आणि कागदाचा एक कपटाही सोबत नेत नाही. चार-पाच वर्षांनी ती पुन्हा काम शोधायला येते तेव्हा बायोडाटावर पदवीनंतर कोरी जागा असते. खरं तर तिच्याकडे अनुभव असतो. तो कुणी लिहून दिलेला नसतो इतकंच. मी प्रत्येक मुलीला सांगतो की काम सोडतानाच, त्याच आठवड्यात, पत्र घ्या. नंतर दुकान बंद होतं, मालक बदलतो, फोन लागत नाही.

तुमच्या मुलाचं ऑफिस बंद झालं, पण मालक किंवा तिथले मुख्य अकाउंटंट कुठेतरी असतीलच. त्यांना गाठायला सांगा. पत्रात नेमकं काय हवं ते मुलानेच कच्चं लिहून न्यावं, म्हणजे समोरच्याचे कष्ट वाचतात: टॅलीमध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी किती महिने स्वतः केल्या, जीएसटीचे रिटर्न भरायला मदत केली की एकट्याने भरले, बँकेचा ताळमेळ घालत होता का, रोख रक्कम सांभाळत होता का, सुट्ट्या किती घेतल्या, आणि पुन्हा संधी आली तर याला घ्याल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर ते पत्रात यावंच. खाली फोन नंबर, म्हणजे नव्या मालकाला खात्री करून घेता येईल. एबेल यांच्या अभ्यासात पत्रांचा उपयोग झाला तो त्यांत खरी माहिती होती म्हणून: मालकांनी ती वाचून जास्त कुवतीचे उमेदवार निवडले. नुसती स्तुती केलेलं पत्र तेवढं देत नाही.

शिक्षणाचा दुवा इथेच येतो. पदवी म्हणजे ज्ञान, ही आपली समजूत. नव्या मालकाला बी.कॉम. या तीन अक्षरांवरून जवळपास काहीच कळत नाही, कारण तो कागद फार वेगवेगळ्या कुवतीच्या लाखो मुलांकडे आहे. जोहान्सबर्गमध्ये एलियाना करांझा, रॉबर्ट गार्लिक, केट ऑर्किन आणि नील रँकिन यांनी नोकरी शोधणाऱ्या तरुणांच्या कौशल्यांच्या चाचण्या घेतल्या आणि निकालाचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं, जे ते मालकांना दाखवू शकत होते. नोकरीत असण्याचं प्रमाण 17 टक्क्यांनी आणि कमाई 34 टक्क्यांनी वाढली. नवीन काही शिकवलं नव्हतं. तरुणाला स्वतःची बाजू कुठे भक्कम आहे ते कळलं आणि समोरच्यालाही कळलं.

इथिओपियात आदिस अबाबामध्ये झालेला प्रयोग असाच. काही तरुणांना शहराच्या मध्यभागी जाऊन नोकरी शोधायला बसभाडं दिलं, तर काहींना अर्ज कसा करावा, आपली कौशल्यं कशी मांडावीत याची कार्यशाळा दिली. थोड्या काळासाठी दोन्हींचा फायदा दिसला. चार वर्षांनी पाहिलं तेव्हा बसभाड्याचा परिणाम विरून गेला होता, कार्यशाळेत बसलेल्यांची कमाई मात्र सुमारे 20 टक्के जास्त होती. तुम्ही मुलाच्या आणखी एखाद्या कोर्सची फी भरायच्या विचारात असाल तर आधी हे बघा की त्याला जे येतं ते बाहेरच्या माणसाला दिसतंय का. पुष्कळदा कमतरता तिथेच असते, आणि तिला फी लागत नाही.

आता अपेक्षांबद्दल, जो मला सर्वांत अवघड भाग वाटतो. योहानेस स्पिनेवेन यांनी अमेरिकेतल्या बेकारांची माहिती तपासली. आपल्याला आणखी किती आठवड्यांत काम मिळेल असं त्यांना वाटत होतं, तर सरासरी सुमारे सात. प्रत्यक्षात लागले 23. माणसं आशावादी असतात हे चांगलंच, पण सात आठवड्यांच्या हिशेबाने निघालेला माणूस दहाव्या आठवड्याला स्वतःला नालायक ठरवतो. तेच त्याला पहिल्या दिवशी सांगितलं असतं की पाच-सहा महिने लागू शकतात, तर दहावा आठवडा ठरल्याप्रमाणेच गेला असता. जर्मनीमध्ये नव्याने बेकार झालेल्या दहा हजारांहून जास्त लोकांना शोधाबद्दलची माहिती देणारी एक साधी पुस्तिका पाठवली गेली. ज्यांची बेकारी लांबण्याचा धोका जास्त होता, त्यांच्या रोजगारात आणि कमाईत तिने थोडी पण खरी वाढ केली.

उलट बाजूही आहे. युगांडात ओरियाना बांदिएरा आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षं चालवलेल्या प्रयोगात काही तरुणांना व्यवसाय प्रशिक्षण दिलं, आणि काहींना त्यासोबत "तुमची माहिती कंपन्यांना देतो, त्या बोलावतील" असंही सांगितलं. फार थोड्या कंपन्यांनी बोलावलं. ज्यांच्याकडे बोलावणं आलं नाही त्यांनी त्यावरून स्वतःची किंमत कमी ठरवली, शोध ढिला केला आणि पुढची वर्षं हलक्या कामात अडकले. प्रशिक्षण मिळालेले, पण असा शब्द न दिलेले तरुण मात्र उमेद बाळगून चांगल्या ठिकाणी अर्ज करत राहिले. आपल्या रोजगार मेळाव्यांत हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. मुलगा बारा स्टॉलवर बायोडाटा देतो, "कळवू" ऐकतो, घरी येऊन फोनकडे बघत बसतो. म्हणून मेळाव्याला नेण्याआधी मी मुलांना स्पष्ट सांगतो: आज दिलेल्या बायोडाटांपैकी बहुतेकांवर काही होणार नाही, आणि त्याचा तुमच्या लायकीशी संबंध नाही. हे ऐकून कुणी खचत नाही. न सांगितल्यावर खचतात.

मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड प्राइस, अमीरम विनोकुर आणि त्यांचे सहकारी 1980 च्या दशकापासून नोकरी गेलेल्यांसाठी जी कार्यशाळा घेत आले, तिच्यात याचाच सराव करून घेतला जातो. नकार येणारच, तो आल्यावर पहिला तास काय करायचं, कोणाशी बोलायचं, पुढचा अर्ज कधी करायचा, हे नकार येण्याआधी ठरवून ठेवायचं. त्या कार्यशाळेने रोजगार वाढलाच, शिवाय ज्यांना नैराश्याचा धोका जास्त होता त्यांची लक्षणंही कमी झाली.

महाराष्ट्राशी थेट जोडलेला एक अभ्यासही सांगतो, कारण तुमचा मुलगा अजून त्या वाटेला गेला नसला तरी घरात कुणीतरी त्याला ती सुचवणारच. कुणाल मंगल यांनी पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या उमेदवारांचा अभ्यास केला. ही मुलं तयारीसाठी किती वर्षं आणि किती कमाई सोडायला तयार आहेत, यावरून त्यांनी सरकारी नोकरीची त्यांच्या लेखी किंमत काढली. ती महिन्याला किमान सव्वाचार लाख रुपये निघाली, आणि तिचा चार-पंचमांशहून जास्त भाग पगाराचा नव्हता. सुरक्षितता, मान, लग्नाच्या बाजारातलं स्थान अशा गोष्टींचा तो असणार, असं मी आमच्याकडच्या मुलांवरून म्हणतो. त्यांनीच तमिळनाडूत 2001 ते 2006 या काळात सरकारी भरती जवळजवळ थांबली होती, तेव्हा काय झालं ते पाहिलं. जागा आटल्यावर मुलं दुसरीकडे वळतील असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पदवीधर तरुण अधिक काळ बेकार राहून पूर्णवेळ तयारीच करत राहिले.

त्या मुलांना मी मूर्ख म्हणणार नाही, कुणी म्हणू नये. ज्याची किंमत मनात इतकी मोठी आहे त्यासाठी माणूस थांबतो. पण या वाटेवर जाणाऱ्याकडे शेवटची तारीख हवी, आणि ती तयारी सुरू करतानाच कागदावर लिहिलेली हवी: अमुक वर्षाची पूर्वपरीक्षा हा शेवटचा प्रयत्न, त्यानंतर पूर्णवेळ काम. निकाल लागल्यानंतर ठरवू म्हणणारा कधीच ठरवत नाही, कारण दर वेळी दोन-चार गुणच कमी पडलेले असतात.

या सगळ्या संशोधनाची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर बेकारीचं सारं ओझं पुन्हा मुलांच्याच डोक्यावर येईल. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2023 च्या अहवालानुसार, 2021-22 मध्ये भारतातल्या 25 वर्षांखालच्या पदवीधरांत बेकारीचं प्रमाण 42 टक्क्यांच्या आसपास होतं. एवढ्या मोठ्या आकड्याचं कारण मुलांच्या मनात शोधायचं नसतं. फ्रान्समध्ये ब्रुनो क्रेपाँ, एस्तेर द्युफ्लो आणि सहकाऱ्यांनी शिकलेल्या बेकार तरुणांना नोकरी शोधायला मदत करणारा कार्यक्रम तपासला तेव्हा दिसलं की मदत मिळालेल्यांचा फायदा काही अंशी मदत न मिळालेल्यांच्या वाट्यातून आला होता. खुर्च्या तेवढ्याच असतील तर आराखडा लिहिणारा त्यातली एक पटकावतो, खुर्ची वाढत नाही. जागा निर्माण करणं हे सरकारचं आणि उद्योगांचं काम आहे, आणि ते मागत राहिलंच पाहिजे. दरम्यान तुमच्या घरातल्या एका मुलाला तोपर्यंत थांबता येत नाही, म्हणून मी वरचं सगळं सांगितलं.

त्याच अहवालात 35 च्या पुढच्या पदवीधरांत बेकारी पाच टक्क्यांच्याही खाली आहे. म्हणजे शेवटी बहुतेकांना काहीतरी काम मिळतं. ते त्यांच्या शिक्षणाला साजेसं मिळतं का, हा प्रश्न उरतोच. तेव्हा पहिली नोकरी कायमची असणार नाही हे मुलाशी उघड बोला. आठ-दहा हजारांची, पण जीएसटी आणि ऑडिटचं खरं काम शिकवणारी सीए फर्मची जागा, पंधरा हजारांच्या डेटा एंट्रीपेक्षा त्याच्या वयाला जास्त चांगली आहे, असं माझं ठाम मत आहे. तिथून दोन वर्षांनी मिळणारं पत्र वाचण्याजोगं असेल.

एक गोष्ट मात्र आराखड्याने सुटत नाही. झोप पूर्ण उडाली असेल किंवा दिवसभर झोपूनच असेल, जेवण कमी झालं असेल, मित्र तोडले असतील, "माझ्याने काही होणार नाही" असं वारंवार म्हणत असेल, तर नोकरीचा विषय आठ-पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. तो बोलायला तयार नसेल तर आधी तुम्ही फोन करा आणि त्याच्याशी कसं बोलावं ते विचारून घ्या.